अडीच तासांचा झेंडा

सोमवार, दुपार

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हात जोडून, वाकून नमस्कार. आणि आपण नमस्कार केला की राहिला, अशी शंका मला पुढच्या ओळीत येऊ नये म्हणून आणखी एक नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, म्हणजे कमरेच्या वर खुशाल आहे. कमरेच्या खालची खुशाली कालपासून कळत नाही. जिना मी पाठमोरा उतरतो आणि खुर्चीवर बसताना आधी खुर्चीची परवानगी घेतो. मामींना नमस्कार सांगावा. तुमची तब्येत कशी आहे? गुडघा, पाठ, रक्तदाब, पहाटेचा खोकला, सगळे सविस्तर कळवावे. (हे मी रीत म्हणून विचारत नाही. मला खरोखर गरज आहे. कारण पुढे येईल.) फोनच केला असता, पण फोनवर बोलताना खाडाखोड करता येत नाही, आणि दुकानातल्या फोनपासून मालक दोन हातांवर बसतात.

नववीत माझे आणि शाळेचे जमेनासे झाले, तेव्हा तुम्ही मला या घड्याळांच्या दुकानात चिकटवलेत, त्याला सहा वर्षे झाली. 'मुलगा खोटे बोलत नाही, कारण बोललेले खोटे लक्षात राहील की नाही याचीच त्याला भीती वाटते' असे तुम्ही तेव्हा चिठ्ठीत लिहिले होतेत. ती चिठ्ठी मालकांच्या खणात अजून आहे. सहा वर्षे मी सेल बदलतो, पट्टे लावतो आणि भिंतीवरच्या त्र्याऐंशी घड्याळांना फडके मारतो. दुकानात खिडकीपाशी एक टेबल आहे. त्यावर भिंग, चिमटे आणि सकाळचा सगळा उजेड असतो. जो त्या टेबलाशी बसतो, तो घड्याळ उघडतो. तिथे आजवर फक्त मालक बसले. मी कधी विचारले, तर ते म्हणतात, "बसशील. वेळ आहे अजून." घड्याळांच्या दुकानात या वाक्याला उत्तर नसते.

आणखी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे सगळे तुम्हांला वेडेपणाचे वाटेल. (कळल्यावरही वाटेल, पण नीट वाटेल.) आमच्या दुकानाचे कुलूप तीनदा ओढायचे असते. मी कुलूप लावतो आणि ओढतो, ही पहिली खेप. मग मालक ओढतात, ही दुसरी. मग आम्ही दोघे बोळाच्या कोपऱ्यापर्यंत जातो, तिथे एकमेकांकडे पाहतो, परत येतो आणि दोघे मिळून ओढतो, ही तिसरी. सहा वर्षांत एकही दिवस दोन खेपांवर भागलेले नाही.

आता शर्यत. आमच्या भागात रहिवाशांची एक समिती आहे आणि ती दरवर्षी अर्धमॅरेथॉन घेते. एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. (हे साडेसत्त्याण्णव मीटर कुणी घातले ते मी विचारले, कुणालाच माहीत नव्हते, पण ते वगळायला कुणी तयार नव्हते.) जे अडीच तासांच्या आत पोहोचतात, त्यांची नावे एका फळ्यावर रंगवून तो फळा समितीच्या दारावर वर्षभर टांगतात. गेल्या वर्षी मालक पळाले आणि त्यांना दोन तास तीस मिनिटे चाळीस सेकंद लागली. साठी ओलांडलेल्या माणसाला ही वेळ शोभून दिसते असे कुणीही म्हणेल. पण आमच्या समोर चष्म्यांचे दुकान आहे आणि त्या चष्मेवाल्यांचे नाव फळ्यावर आहे. तेव्हापासून रोज सकाळी ते त्यांच्या पायरीवरून ओरडतात, "काय घड्याळजी, किती वाजले? चाळीस सेकंद वजा करून सांगा!"  मालक मग दिवसभर लोकांच्या घड्याळांची झाकणे अंमळ जोरात बंद करतात.

या शर्यतीत झेंडेवाले असतात. पाठीवर झेंडा बांधून एकजण ठरलेल्या वेगाने पळतो. ज्यांना अडीच तासांत पोहोचायचे असेल त्यांनी 'अडीच' लिहिलेल्या झेंड्याच्या मागे चिकटून राहायचे; स्वतः घड्याळ पाहायचे नाही, डोके चालवायचे नाही. (हे लोकांना फार आवडते.) दरवर्षी अडीचचा झेंडा व्यायामशाळेचे सर घेत. यंदा 'शर्यतीत दुखापत कशी टाळावी' हे प्रात्यक्षिक करून दाखवताना त्यांचा घोटा मुरगळला. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याचे तोंड उघडे असतानाच बोलायची सवय असल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसते. ते दुकानात आले आणि म्हणाले, "वेळ चुकणार नाही असा माणूस हवा." मालकांनी भिंग डोळ्यावरून काढलेसुद्धा नाही. माझ्याकडे बोट केले आणि म्हणाले, "हा न्या." माझे तोंड उघडेच होते, त्यामुळे ते ठरले.

अध्यक्ष गेल्यावर मालक हळूच म्हणाले, "मला अडीचच्या आत आण. दुसऱ्या दिवशी खिडकीचं टेबल तुझं."

मामा, त्या दिवसापासून मी झोपेतसुद्धा भागाकार केले. किलोमीटरला बरोबर सात मिनिटे धरली, तर एकूण दोन तास सत्तावीस मिनिटे एक्केचाळीस सेकंद होतात. म्हणजे दोन मिनिटे एकोणीस सेकंद हाताशी राहतात. प्रत्येक किलोमीटरची वेळ मी शर्टाच्या बाहीवर आतून लिहिली आणि दुसऱ्या बाहीवर तीच पुन्हा, पडताळ्यासाठी. सराव दुकानाच्या मागच्या खोलीत जागच्या जागी केला. सेकंदाला अडीच पावले पडली पाहिजेत. पूर्ण पावलांचे काही नाही, ते अर्धे पाऊल फार त्रास देते.

शर्यतीच्या दिवशी पहाटे मी दुकान उघडून झेंडा घेतला, कारण तो तिथेच ठेवला होता. शिवाय शेवटच्या रेषेवर लावायचे मोठे घड्याळ आमच्याच दुकानाचे होते. काटे बारावर ठेवायचे आणि शिट्टी झाली की चालू करायचे, म्हणजे पोहोचणाऱ्याची वेळ कुणालाही नुसती वाचता येते. नवा सेल मी आदल्या दिवशीच घातला होता आणि धुळीचा कण राहू नये म्हणून आतून-बाहेरून चार वेळा ब्रश फिरवला होता. घड्याळ मी नेऊन टांगले. मालक घरून परस्पर मैदानात आले. म्हणजे त्या दिवशी दुकानाचे कुलूप मी एकट्यानेच लावले. हे वाक्य लक्षात ठेवावे.

शर्यत सहाला सुटायची होती. प्रमुख पाहुणे सहा पस्तीसला आले आणि 'एका सेकंदाचे मोल' या विषयावर बावीस मिनिटे बोलले. (मी मोजली.) तोवर अर्धे लोक ऊन-ऊन व्यायाम करून गार पडले होते. मग शिट्टी झाली, मी घड्याळ चालू केले, धावत जाऊन झेंड्यासकट माझ्या जागी उभा राहिलो आणि निघालो. माझ्या मागे अडतीस माणसे होती. अगदी पाठीशी मालक. त्यांच्या मागे निवृत्त मुख्याध्यापिका बाई, ज्या पळतानाही मागच्यांना रांगेत ठेवत होत्या. सगळ्यात मागे, टोपी नाकापर्यंत ओढून, समोरचे चष्मेवाले होते. 'यंदा मी दोन तासांच्या झेंड्याबरोबर' असे ते महिनाभर सांगत होते. मालकांनी वळून पाहिल्यावर म्हणाले, "मी आपला सहज, तुमचं कसं काय चाललंय ते बघायला मागे राहिलो." मालक म्हणाले, "बघा, बघा. चष्मा पुसून बघा."

बारा किलोमीटर मी बाहीबरहुकूम गेलो. चूक झाली तर दोन सेकंदांची, तीही पुढच्या चौकात भरून काढली. लोक खूश होते. मागून कुणीतरी म्हणाले, "पोरगा नाही, लंबक आहे लंबक." मामा, मला आयुष्यात इतके बरे कधी वाटले नव्हते, आणि मला बरे वाटू लागले की काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. मला आठवू लागते. तेराव्या किलोमीटरला रस्ता आमच्या बोळावरून जातो. बोळ दिसला. कुलूप लावल्याचे आठवत होते. ओढल्याचे आठवेना. आणि ओढले असले, तरी ती पहिली खेप. उरलेल्या दोन कुठे आहेत? मी हिशेब केला. दुकान बोळात एकशे दहा पावलांवर आहे. जायला पाऊण मिनिट, यायला पाऊण मिनिट. हाताशी दोन मिनिटे एकोणीस सेकंद. हिशेबात काहीही चूक नव्हती, आजही नाही. फक्त पाठीवर झेंडा आहे, हे मी हिशेबात धरले नव्हते.

मी बोळात वळलो. अडतीस माणसे बोळात वळली.

बोळ पुढे बंद आहे आणि रुंदीला दोन माणसे व एक सायकल एवढाच. मी कुलूप ओढले. घट्ट होते. जिवात जीव आला, म्हणून वळलो, तर बोळ माणसांनी शिगोशीग भरलेला. गेल्या वर्षी वाटेत एका ठिकाणी मनगटाला रबर अडकवून घ्यायचे होते, कुणी जवळच्या रस्त्याने येऊ नये म्हणून. लोकांना वाटले, यंदा तसेच काहीतरी आहे. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "एकेकाने ओढा. धक्काबुक्की नको. ओढलं की डावीकडून बाहेर." आणि मामा, लोकांनी ओढले! एकाने तर मला विचारले, "एकदा ओढायचं की दोनदा?" मी खोटे बोलत नाही. मी म्हणालो, "तीनदा."

मालकांनी मला मारायला हवे होते. ते माझ्याकडे आले, धापा टाकत होते, त्यांनी कुलुपाकडे पाहिले आणि विचारले, "तू सकाळी ओढलं होतंस?" मी म्हणालो, आठवत नाही. त्यांनी स्वतः ओढले. मग आम्ही सगळे कसेबसे बोळाबाहेर पडलो, कोपऱ्यावर आलो, आणि तिथे मालकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. पाहायला नको होते. पण सहा वर्षांची सवय. पाय आपोआप मागे वळले. झेंडा मागे वळला. अडतीस माणसे मागे वळली. चष्मेवाले ओरडले, "अहो, घड्याळ दुरुस्त करताय की शर्यत?" पण त्यांनीही ओढले. मी पाहिले.

या सगळ्यात चार मिनिटे नऊ सेकंद गेली. पुढे मी वेग वाढवून पाहिला, पण मालकांच्या श्वासाचा आवाज ऐकून पुन्हा सातवर आलो. अठराव्या किलोमीटरला गाद्यांच्या दुकानाने जाहिरात म्हणून रस्त्याकडेला चार गाद्या अंथरल्या होत्या आणि वर 'थकलात?' असा फलक लावला होता. आमच्यातले तिघे थकले. त्यांतले एक अजून तिथेच असतील, कारण त्यांची बायको एकटीच त्यांचा क्रमांक हातात घेऊन रेषेपर्यंत आली. मालक मात्र पळत राहिले.  मला बाहीवरचे आकडे दिसत होते आणि खिडकीजवळचे टेबल दिसत होते. ते दर किलोमीटरला आणखी लांब जात होते.

आणि आम्ही शेवटच्या रेषेवर आलो, तेव्हा घड्याळात दोन तास अठ्ठावीस मिनिटे अकरा सेकंद झाली होती.

लोकांनी आरोळी ठोकली. मालकांचा चेहरा फुलला. बरोबर एक सेकंद फुलला. पुढच्या सेकंदाला घड्याळात अकराच सेकंद होती. त्याच्या पुढच्याही. मालकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांच्या मनगटावर दोन तास एकतीस मिनिटे पन्नास सेकंद होती, माझ्याही. टांगलेले घड्याळ बंद पडले होते, आणि हे साऱ्या मैदानात आम्हां दोघांनाच दिसत होते. कारण घड्याळाकडे लोक किती वाजले ते पाहायला बघतात, चालू आहे का ते पाहायला कुणी बघत नाही. रेषेवर दोन बायका वह्या घेऊन बसल्या होत्या. त्या मान वर करून घड्याळ वाचत होत्या आणि लिहीत होत्या, दोन अठ्ठावीस अकरा, दोन अठ्ठावीस अकरा. चार तासांनी कुत्र्याला घेऊन चालत आलेले आजोबासुद्धा दोन अठ्ठावीस अकरा. गादीवर झोपलेल्या गृहस्थांचीही, पत्नीमार्फत, तीच वेळ.

असे एकूण दोनशे अकरा जण झाले. मला वाटले, आता कुणीतरी विचारील. अध्यक्षांनी यादी वाचली, डोळ्यांत पाणी आणले आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितले, "दोनशे अकरा नागरिक एकाच सेकंदाला पोहोचले! एकोपा एकोपा म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?" टाळ्या वाजतच राहिल्या. आता हा विक्रम ते विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या कुठल्याशा संस्थेकडे पाठवणार आहेत. त्यासाठी घड्याळ बरोबर होते असा दाखला लागतो आणि घड्याळ लावणारा मी, म्हणून सही माझी. शुक्रवारी.

आज सकाळी दुकानात आलो, तर खिडकीच्या टेबलावरचे मालकांचे सामान एका बाजूला सरकवलेले होते आणि माझे स्टूल तिथे ठेवलेले होते. मी अजून बसलेलो नाही. उभ्यानेच सेल बदलतो. सहीचे विचारले, तर मालक भिंग पुसत म्हणाले, "सही तुझी आहे. तू बघ." मामा, सहा वर्षांत ते मला 'तू बघ' असे प्रथमच म्हणाले. सही केली, तर तुमची चिठ्ठी खोटी पडते. नाही केली, तर फळ्यावर येऊ घातलेले मालकांचे नाव जाते आणि चाळीस सेकंदांचे एकशे दहा होतात. बाकी सर्व क्षेम.

आपला आज्ञाधारक
भाचा

ता. क. १. आता तब्येतीचे. कृपा करून शुक्रवारी सकाळी आजारी पडावे आणि दुकानात फोन करून मला बोलावून घ्यावे. दाढ नको, अध्यक्ष तपशील विचारतील. डोळे नकोत, समोरचे चष्मेवाले ऐकतील आणि चष्मा घेऊन येतील. पाठ चालेल. पाठ कुणाला दिसत नाही. हे खोटे होऊ नये म्हणून गुरुवारी एखादी जड वस्तू उचलून ठेवावी, म्हणजे पाठ थोडीशी खरोखरच दुखेल.

ता. क. २. (मंगळवार.) पत्र अजून खिशातच आहे. पत्ता तीनदा पडताळला. जड वस्तू फार जड नको. मामींना सांगून उचलावी.

ता. क. ३. (बुधवार.) पाठ दुखू लागली असल्यास थांबवावी. आज मालकांनी ते मोठे घड्याळ आणले, खिडकीच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बस. उघड." मी बसलो. उघडले. चाकात एक केस अडकलेला होता. माझ्या ब्रशाचा. चार वेळा फिरवला नसता, तर घड्याळ चालले असते. मी तसे सांगितले. मालकांनी तो केस चिमट्याने उचलला, कागदाच्या पुडीत ठेवला आणि पुडी घेऊन समितीत गेले. अर्ध्या तासाने परत आले. अध्यक्ष म्हणाले म्हणे, "तुमचं घड्याळ बंद पडलं असेल हो, पण आमची वेळ बरोबर आहे." मालकांचे सोडून दोनशे दहा घरांत पेढ्यांसारखी बातमी वाटून झाली आहे, ती आता परत कोण घेणार? दाखल्यावर सही अध्यक्षांनी स्वतःच केली. म्हणजे घड्याळाची प्रकृती दातांच्या डॉक्टरांनी तपासली आहे.

फळा काल रंगवून टांगला होता. मालकांनी येताना रंगाऱ्याकडून ब्रश मागून घेतला आणि आपल्या नावापुढे स्वतःच्या हाताने खरी वेळ लिहिली. संध्याकाळी चष्मेवाले पायरीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बघा, साऱ्या गावात हे एकटेच उशिरा आले! दोन एकतीस!" मालक उठले, दारात गेले आणि म्हणाले, "एकतीस पन्नास. सेकंद खाऊ नका." मग आत येऊन मला म्हणाले, "कोपरं टेबलावर टेकव, हात हलतो तुझा." स्टूल तिथेच आहे. हा ताजा कलम मी त्यावर बसून लिहितो आहे. वरचा मजकूर खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते.

ता. क. ४. तब्येत मात्र कळवावीच. लोकांना कुलूप ओढणे फार आवडले. पुढच्या वर्षासाठी समितीने आमचा बोळ अधिकृत मार्गात घेतला आहे आणि प्रत्येकाने तीनदा ओढले की नाही हे पाहायला दारात एक विश्वासू माणूस हवा आहे. मी तुमचे नाव दिले आहे. गुडघ्याची काळजी नको, खुर्ची मिळेल. नाही म्हणू नये. अध्यक्षांनी नाव लिहून घेतले तेव्हा माझे तोंड उघडे होते.

ता. क. ५. पाकीट चिकटवून ओढून पाहिले. मग मालकांनी ओढून पाहिले. आता आम्ही दोघे टपालपेटीपर्यंत जातो आहोत, आणि हा ताजा कलम पाकिटावर बाहेरून लिहावा लागला, कारण कोपऱ्यावरून परत आलो.